कोडासाठी लाईट: अठरा सिटिंगनंतर थांबायचं का?

बार्शीहून एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी २२ वर्षांची, एम.कॉम.ला शिकते. दीड वर्षापूर्वी डोळ्याच्या कडेला पहिला पांढरा डाग दिसला. मग ओठांचे कोपरे, दोन्ही कोपरं, गुडघे आणि हाताच्या बोटांची टोकं. सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी कोड असल्याचं सांगून आठवड्यातून तीनदा लाईट, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, सुरू केली. अडीच महिन्यांत अठरा सिटिंग झाल्या. कोपरावर आणि डोळ्याजवळ बारीक ठिपके आलेत, बोटांवर काहीच नाही. शिवाय डागांभोवतीची कातडी काळवंडल्यामुळे डाग पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसतात. नातेवाइकांपैकी कुणी म्हणतं या लाईटने कॅन्सर होतो, कुणी बावचीचं तेल सुचवतं. घरी वापरायचं यंत्र ऑनलाइन मिळतंय. स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. त्यांनी शेवटी एकच ओळ लिहिली आहे: "चालू ठेवू की बंद करू?"

माझं उत्तर आधी सांगते आणि मग कारणं देते. बंद करू नका. अठरा सिटिंगवर या उपचाराचा निकाल लावताच येत नाही. त्यातही आठवड्यातून तीनदाच्या हिशेबाने अडीच महिन्यांत तीसच्या आसपास व्हायला हव्या होत्या, झाल्या अठरा. म्हणजे जवळजवळ निम्म्या चुकल्या. हा दोष मी तुम्हाला देत नाही. बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर, एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, त्यात कॉलेज, परीक्षा, पाळी, पाऊस. पण लाईट चांगली की वाईट यापेक्षा ती नियमित कशी मिळेल, हा तुमचा खरा प्रश्न आहे. गेली बरीच वर्षं मी हे उपचार देते आहे. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण औषधाची नसते, अंतराची आणि वेळेची असते.

आता कोणत्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते. मी मुलीला पाहिलेलं नाही. डाग शरीराच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे हा नेहमीचा, दोन्हीकडे येणारा प्रकार वाटतो. एकाच बाजूला पट्ट्यासारखा येणारा प्रकार वेगळा, त्याचं गणितही वेगळं. डाग सध्या वाढताहेत की थांबलेत, हे मला तुमच्या पत्रातून कळत नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे. डागांच्या कडा धूसर असतील, डागाभोवती रांगोळीच्या कणांइतके नवे पांढरे ठिपके दिसत असतील किंवा खरचटलं तिथे नवा डाग उठत असेल, तर कोड अजून वाढतं आहे असं समजायचं. तसं असेल तर नुसती लाईट पुरत नाही. डागांवरचे केस काळे आहेत की पांढरे, हेही बघावं लागेल. का ते आता सांगते.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, आपल्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात नष्ट होतात. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी गेल्या तरी केसाच्या मुळाशी त्यांचा साठा बऱ्याचदा शिल्लक राहतो. केसाचं मूळ ही या पेशींची रोपवाटिका समजा. अतिनील किरणांचा एक ठरावीक पट्टा, ३११ ते ३१३ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, ज्याला नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात, दोन कामं करतो. तो त्या जागचा प्रतिकारशक्तीचा हल्ला शमवतो आणि केसाच्या मुळातल्या पेशींना जागं करून वर यायला लावतो. म्हणून सुधारणा होते तेव्हा रंग कडेकडून एकसारखा भरत येण्याआधी डागाच्या मध्येच, प्रत्येक केसाभोवती, तपकिरी ठिपका उमटतो. तुमच्या मुलीच्या कोपरावर दिसताहेत ते हेच ठिपके. हे ठिपके मोठे होत एकमेकांना मिळतात. आरशात बघून निराश झालेल्या मुलीला हे मुद्दाम दाखवा: दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, डाग जवळून बघायचा आणि ठिपके शोधायचे.

आता बोटांचं. बोटांच्या टोकांना केस नसतात, ओठांनाही नसतात. तळहात-तळपायांचंही तेच. साठाच नाही, तर रंग येणार कुठून? २०१७ साली एका मोठ्या विश्लेषणात अनेक अभ्यासांतले रुग्ण एकत्र करून पाहिले. सहा महिन्यांच्या नॅरोबँड लाईटनंतर तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त रंग परत आलेले रुग्ण चेहरा आणि मानेवर सुमारे ४४ टक्के होते, धडावर २६ टक्के, हातापायांवर १७ टक्के. पंजे आणि पावलांवर ० टक्के. हा शून्य वाचून दचकू नका. याचा अर्थ बोटांवर काहीच होत नाही असा नाही, पण भरघोस सुधारणेची अपेक्षा तिथे ठेवायची नाही, एवढा नक्की आहे. मी उपचार सुरू करतानाच रुग्णाला सांगते की चेहऱ्याचा हिशेब वेगळा, बोटांचा वेगळा. बोटांकडे बघून लाईट सोडणं म्हणजे चेहऱ्यावर होऊ शकणारा फायदा सोडणं.

त्याच विश्लेषणातला वेळेचा हिशेब तुमच्या निर्णयासाठी आणखी महत्त्वाचा आहे. निदान चतुर्थांश रंग आलेले रुग्ण तीन महिन्यांनी ६२ टक्के होते, सहा महिन्यांनी ७४ टक्के. पण तीन चतुर्थांश रंग आलेले तीन महिन्यांनी फक्त १३ टक्के, सहा महिन्यांनी १९ आणि वर्षाने ३६ टक्के. म्हणजे पहिली चाहूल लवकर लागते, रंग भरायला वर्ष लागतं. सगळ्यांचा भरत नाही, हेही आकड्यांतच आहे आणि ते मी लपवणार नाही. तरी तुमच्या मुलीच्या कोपरावर आणि डोळ्याजवळ ठिपके आले आहेत. अठरा ही त्या मोजणीची जेमतेम सुरुवात आहे. पहिला प्रतिसाद दिसायला साधारण १८ ते ३६ सिटिंग लागतात आणि काही जणांची त्वचा ७२ सिटिंगनंतर कुठे हलते. त्यामुळे सहा महिने नियमित लाईट घेतल्याशिवाय "उपयोग नाही" हा शेरा मी कुणाच्याही फाईलवर मारत नाही. सहा महिन्यांनी काहीच हालचाल नसेल तर मात्र थांबून दुसरा विचार करते.

भोवतीची कातडी काळवंडणं हा सगळ्यात जास्त लोकांना पळवून लावणारा टप्पा. डाग पांढराच, भोवतालचा रंग दोन छटा गडद, त्यामुळे डाग लांबूनही दिसतात आणि घरचे म्हणतात, वाढलं की! वाढलेलं नसतं. निरोगी कातडीत रंगपेशी आहेत, म्हणून ती किरणांनी काळवंडते. लाईट थांबल्यावर हा काळवंडलेपणा काही महिन्यांत उतरतो. वाढलं की नाही हे ठरवायचं असेल तर फोटो काढा. सुरुवातीला एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीत, त्याच वेळी, फोन तेवढ्याच अंतरावर धरून, कुठलाही फिल्टर न लावता. रोज आरशात बघून काही कळत नाही. सोलापूरला तुमच्या डॉक्टरांकडे वूड्स लॅम्प असेल, तर अंधाऱ्या खोलीत त्याच्या अतिनील उजेडात डागाची खरी सीमा कळते, ती तपासणीही करून मागा.

मात्र चुकलेल्या सिटिंगचं एक तंत्र आहे, ते तुम्हाला माहीत असायला हवं. ही लाईट मिनिटांत मोजत नाहीत, डोसमध्ये मोजतात. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिज्यूल ऊर्जा पडली, तो डोस. साधारण २०० मिलिज्यूलपासून सुरुवात करतात आणि प्रत्येक वेळी १० ते २० टक्के वाढवतात. दर वेळी दहा टक्के वाढवत गेलं, तर अठराव्या सिटिंगला डोस हजार मिलिज्यूलच्या आसपास पोहोचतो. चेहऱ्यासाठी कमाल १५०० आणि अंगासाठी ३००० ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. आता मध्ये खंड पडला तर? चार ते सात दिवसांचं अंतर पडलं, तर डोस वाढवायचा नाही, आधीचाच द्यायचा. आठ ते चौदा दिवस झाले, तर चतुर्थांश कमी करायचा. पंधरा ते एकवीस दिवस झाले, तर निम्मा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. आता तुमच्या अठरा सिटिंगकडे बघा. मधेमधे आठवड्याहून मोठे खंड पडत गेले असतील, तर डोस वर चढायचा आणि पुन्हा खाली यायचा. त्वचेला उपयोगी पडेल एवढा डोस कदाचित एकदाही टिकून मिळाला नसेल. म्हणून मी म्हटलं, उपचाराची परीक्षा अजून झालेलीच नाही.

योग्य डोस कोणता, हे मशीन सांगत नाही, डाग सांगतो. लाईट घेतल्यानंतर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डाग हलका गुलाबी दिसायला हवा. आग नाही, खाज नाही, आणि चोवीस तासांच्या आत तो गुलाबीपणा गेलेला. हा नेमका डोस. काहीच गुलाबी झालं नाही तर पुढच्या वेळी वाढवायचा. चोवीस तासांनंतरही लाली राहिली, तर ती जाईपर्यंत थांबायचं आणि मग आधी सोसलेल्या डोसवर यायचं. फोड आले किंवा दुखायला लागलं, तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं. मुलीने एक वही ठेवावी: तारीख, डोस, गुलाबीपणा किती वेळ राहिला. ज्यांच्या वहीत हे असतं, त्यांचा डोस आम्हाला बिनधास्त वाढवता येतो. ज्यांच्याकडे नसतं, त्यांच्या बाबतीत आम्ही घाबरून कमीच देतो आणि महिने वाया जातात.

लाईटच्या पेटीतल्या काही बारीक गोष्टी सांगते, कारण यावरच पुष्कळ काही ठरतं. उभं राहण्याइतकी पेटी, आत चहूबाजूंनी उंच नळ्या. डोळ्यांवर काळा चष्मा असायलाच हवा. पण तुमच्या मुलीचा डाग डोळ्याच्या कडेला आहे, आणि चष्म्याची कड नेमकी त्याच डागावर बसत असेल तर तिथे किरण पोचतच नाहीत! पापणीवर किंवा अगदी कडेला डाग असेल, तर काही रुग्णांना आम्ही चष्मा न लावता डोळे घट्ट मिटून उभं राहू देतो, कारण मिटलेल्या पापणीतून हे किरण आत जात नाहीत. पण हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि मुलगी शेवटपर्यंत डोळे मिटून राहील याची खात्री असेल तरच. चेहऱ्यावर क्रीम, सनस्क्रीन, पावडर, डाग लपवायचा मेकअप काहीही लावून जायचं नाही, सगळं धुऊन जायचं. कपडे दर वेळी सारखेच. आज पूर्ण बाही आणि पुढच्या वेळी आखूड बाही असं केलं, तर उघडा पडलेला नवा भाग वाढलेल्या डोसने भाजतो. केसही दर वेळी तसेच बांधायचे, नाहीतर मानेवर हाच प्रकार होतो. लाईट झाल्यावर बाहेर पडताना ओढणी घ्यायची, सनस्क्रीन लावायचं, आणि त्या दिवशी वेगळं ऊन खायचं नाही. दुसरं कुठलंही नवं औषध सुरू झालं तर आधी सांगायचं. काही अँटिबायोटिक, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्वचेला उन्हाची जास्त बाधा करतात. आणि ल्युपस हा प्रतिकारशक्तीचा आजार असलेल्यांना ही लाईट देत नाहीत.

कॅन्सरचं. ही भीती आली कुठून ते आधी सांगते, कारण ती हवेतून आलेली नाही. पूर्वी कोडासाठी सोरालेन नावाची, त्वचेला किरणांची जास्त बाधा करणारी गोळी खाऊन अतिनील 'ए' किरण घेत. त्याला पुव्हा म्हणतात. सोरायसिसच्या गोऱ्या रुग्णांमध्ये पुव्हाच्या शेकडो सिटिंगनंतर त्वचेचे कॅन्सर वाढलेले आढळले. हा धोका खरा आहे. नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे तो उपचार नव्हे. ॲमस्टरडॅमच्या वेस्टरहॉफ यांनी १९९७ मध्ये कोडासाठी तो पहिल्यांदा वापरून दाखवला, सोरालेनची गरज त्यात नाही. २०२० मध्ये दक्षिण कोरियातला साठ हजारांहून जास्त कोड-रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नॅरोबँड लाईटच्या पाचशेहून जास्त सिटिंग घेतलेल्यांतही त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. दोनशेहून जास्त सिटिंग झालेल्यांमध्ये उन्हाने येणारे खरखरीत, कॅन्सरपूर्व मानले जाणारे चट्टे, ज्यांना ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात, ते लक्षणीय वाढले होते, आणि म्हणून वर्षातून एकदा पूर्ण त्वचा तपासून घ्यावी असं मी सांगते. कोरियातली त्वचा आपल्यापेक्षा उजळ, तरी हा निष्कर्ष आला आहे. नातेवाइकांना एवढंच सांगा: ज्या लाईटची भीती आहे ती वेगळी, मुलगी घेते ती वेगळी.

बावचीच्या तेलाबाबत मी कडक बोलणार आहे. बावचीत सोरालेनच असतं. कोडावर ती आपल्याकडे फार जुन्या काळापासून वापरतात, आणि इजिप्तमध्ये १९४० च्या दशकात एल मोफ्ती यांनी दुसऱ्या एका वनस्पतीतल्या अशाच द्रव्यावर केलेल्या कामातूनच पुढे पुव्हा आलं. त्यामुळे बावचीत काही नाही असं मी म्हणणार नाही. पण तेल किती कडक, लावून किती वेळ झाला, ऊन किती प्रखर, यातलं काहीच हाती नसतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात बावची लावून पाच-दहा मिनिटं जास्त बसलेल्यांच्या हातावर मी तळहाताएवढे फोड पाहिले आहेत. फोडाच्या जागी कातडी सोलली की कोड तिथेच आणखी पसरू शकतं, कारण जखम ही कोडाला वाट असते. चालू लाईटच्या जोडीला तर बावची अजिबात नाही. एक दिवसही नाही.

घरगुती यंत्र. मला वाटतं तुमच्या घरासाठी हा विचार करण्यासारखा पर्याय आहे. ब्रिटनमध्ये ५१७ रुग्णांवर घरी हातात धरायच्या नॅरोबँड यंत्राचा अभ्यास झाला. नऊ महिन्यांनी नुसतं स्टेरॉईड मलम लावणाऱ्यांपैकी १७ टक्के, नुसती लाईट घेणाऱ्यांपैकी २२ टक्के आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांच्या मते ठरवलेला डाग पूर्वीपेक्षा खूपच कमी उठून दिसत होता किंवा दिसेनासा झाला होता. आकडे माफक आहेत, पण घरी सुरक्षितपणे करता येतं हे त्यातून दिसतं, आणि मलम जोडीला हवं हेही. हातात धरायचं यंत्र थोड्या डागांना ठीक. डाग अंगभर पसरत असतील, तर पेटीच लागते. तुमच्या मुलीचे डाग मोजके दिसतात, म्हणून घरचं यंत्र चालण्यासारखं आहे.

पण विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, नळी ३११ नॅनोमीटरचीच आहे का. 'यूव्ही लॅम्प' नावाखाली नखांचे, जंतुनाशक, काहीही दिवे विकतात, आणि जंतुनाशक दिवा चेहऱ्यावर धरला तर डोळे आणि कातडी दोन्ही भाजतील. दोन, त्याची तीव्रता किती. समजा यंत्र दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिवॅट देतं, तर २०० मिलिज्यूलला १०० सेकंद लागतील. नळी जुनी होऊन तीव्रता १ मिलिवॅटवर आली, तर त्याच डोसला २०० सेकंद. वर्षभर शंभर सेकंदांवरच अडकून राहिलेल्यांना निम्माच डोस मिळत असतो आणि त्यांना वाटतं लाईटचा गुण संपला. अंतरही तेच करतं. यंत्र त्वचेपासून दोन बोटं जास्त दूर धरलं की तीव्रता उतरते. म्हणून यंत्रासोबत आलेला अंतर राखायचा कंगवा किंवा कड असेल तर ती काढून टाकायची नाही. तीन, यंत्र घेतलं तरी पहिल्या काही सिटिंग दवाखान्यात करून हात बसवायचा आणि दर सहा-आठ आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जायचंच. एसटीचे फेरे कमी होतील, डॉक्टर कमी होणार नाहीत.

लाईटच्या जोडीला काय, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण चेहऱ्यावर टॅक्रोलिमस मलम आणि लाईट यांची जोडी नुसत्या लाईटपेक्षा चांगली चालते, असा माझाही अनुभव आहे. मलम रात्री लावायचं, लाईटच्या आधी नाही. डाग झपाट्याने वाढत असतील, तर आठवड्यातून सलग दोन दिवस स्टेरॉईडची गोळी देण्याची पद्धत आहे. दिल्लीच्या एम्समधले डॉ. पसरिचा यांनी ती पुढे आणली. वाढ रोखण्यासाठी ती फार कामी येते, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकही गोळी नको. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कोड असलेल्यांमध्ये थायरॉईडचे विकार जास्त आढळतात. दही, लिंबू, लोणचं, मासे आणि दूध एकत्र, या सगळ्या बंदी घरात असतील तर उठवा. त्याने कोड होत नाही आणि जातही नाही.

आणि कातडीवरची घासाघीस थांबवा. खरचटणं, दाबणं, ओढणं, यातून नवे डाग उठतात. अंघोळीला घासणी नको. घट्ट नाडी, घट्ट कमरपट्टा, पायाला घासणारा चपलेचा पट्टा यांकडे लक्ष द्या. चेहऱ्याला ब्लीच नको. ओठावर थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करत असाल तर डाग स्थिर होईपर्यंत बंद. चिकटवायच्या टिकल्यांच्या गोंदातली काही रसायनं रंगपेशी मारतात. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढा पांढरा डाग घेऊन आलेल्या बायका मी दरवर्षी बघते. मेंदी घरची, साधी हिरवी पूड कालवलेली चालेल. दहा मिनिटांत काळी होणारी मेंदी आणि केसांचा काळा डाय नको, त्यातलं पीपीडी नावाचं रसायन हेच करतं.

बोटांचा विचार पुढे ढकला. कोड निदान वर्षभर एका जागी थांबलेलं असेल, नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, तेव्हा त्वचेचं रोपण करता येतं. मांडीवरून रंगपेशी घेऊन डागावर लावतात, आणि त्यानंतरही रंग भरायला लाईट द्यावी लागते. बोटांची टोकं ही रोपणासाठीही अवघड जागा आहे. आज, कोड चालू असताना, ते करायचं नाही.

लाईट थांबवल्यानंतरचं आधीच जाणून घ्या. कोड परत येऊ शकतं. एका फ्रेंच अभ्यासात रंग भरून आलेल्या डागांवर आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावणाऱ्यांचे सुमारे १० टक्के डाग पुन्हा पांढरे झाले, तर नुसतं औषधविरहित मलम लावणाऱ्यांचे ४० टक्के. म्हणून चांगला रंग आल्यावर लाईट एकदम तोडायची नाही. आठवड्याला दोनदा, मग एकदा, मग पंधरवड्याला एकदा असं उतरवत नेऊन मलम चालू ठेवायचं.

लग्नाचं मुद्दाम शेवटी घेते. 'लग्नाआधी बरं करा' या घाईत मुलींना उन्हात भाजून घेतलेलं मी पाहिलं आहे, आणि तो वर्षभराचा उपचार तीन महिन्यांत उरकायचा नाद फार महाग पडतो. कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, गर्भधारणेला त्याचा त्रास नाही. मुलांना येण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेकांना येत नाही. लग्नानंतरही लाईट चालू ठेवता येते, गरोदरपणातही देता येते. बाळाची तयारी सुरू केल्यापासून फॉलिक ॲसिड घ्यायचं असतंच, ते लाईट घेणाऱ्या बाईने तर विसरायचं नाही, कारण अतिनील किरणांनी रक्तातलं फोलेट घटू शकतं. सोरालेन मात्र गरोदरपणात नको. स्थळ बघताना डाग लपवू नका, आणि लपवायला सांगणाऱ्याचं ऐकूही नका. मुलीला काय वाटतं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिच्याशी बसून बोला. लाईटसाठी ती जाते, वाट बघत बसते, चेहऱ्यावर काय दिसतं ते रोज आरशात तीच बघते. चालू ठेवायचं की नाही यात तिचं मत सगळ्यात आधी घ्या.

पुढच्या सोमवारी सोलापूरला जाल तेव्हा फाईल घेऊन डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: आत्ता डोस किती मिलिज्यूल आहे, कोड स्थिर आहे की वाढतंय, चष्म्याच्या कडेखाली डाग झाकला जातोय का, आणि घरचं यंत्र घेतलं तर ते देखरेख करतील का. बार्शीतच कुणाकडे नॅरोबँडची पेटी आहे का, हेही त्यांनाच विचारा. असेल, तर कदाचित यंत्राचा खर्चही वाचेल.